गळलेली नावं शोधणाऱ्या अक्का

बँकेत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि कमलाचा फोन आला. कमला म्हणजे रमाअक्कांची भाची. "आत्या गेली," ती म्हणाली. सकाळी कॉफी झाली, पेपर वाचून झाला, आणि खुर्चीत बसल्या बसल्याच... मी डबा तसाच झाकला आणि निघाले. अण्णा नगरातली आमची शाखा आणि अक्कांचं घर यांत दोनच गल्ल्यांचं अंतर. त्या दिवशी ते चालता चालता संपेना.

सांगलीहून बदली होऊन मी चेन्नईला आले तेव्हा इथे कुणाशी मराठीत बोलता येईल असं मनातही नव्हतं. एकदा भाजीवाल्यापाशी उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "कोणत्या गावची गे तू?" वळून पाहिलं. कांजीची कडक सुती साडी, कपाळावर बारीकसं कुंकू, हातात मुरुंगक्कायची, म्हणजे शेवग्याच्या शेंगांची जुडी. मराठी होतं, पण हेल तमिळ, आणि ते 'गे' मी माझ्या पणजीनंतर ऐकलं नव्हतं. अक्का तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज मराठा राजांच्या काळात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. पुढे नोकऱ्यांसाठी चेन्नईला आले. अक्का 'सगळे' म्हणायच्या जागी 'अस्के' म्हणत, ठीक आहे म्हणायच्या जागी 'सरि', आणि माझ्या मराठीला हसून 'पेपरातली मराठी' म्हणत.

शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंनी वंशावळी जुळवण्याचं काम अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. स्वतःच्या आजीचं माहेर कुठलं हे घरात कुणालाच सांगता येईना, तिथून सुरुवात झाली. इकडच्या रिवाजाप्रमाणे बापाच्या नावाचं आद्याक्षर लावता लावता कित्येक घरांची आडनावं गळून गेली होती. आणि बायकांची तर नावंच. लग्नात बदललेली, घरात 'अम्मा' आणि 'पाटी', म्हणजे आई आणि आजी, होऊन बुजलेली. अक्का लोकांना आधी आडनाव विचारतच नसत. कुलदैवत कोणतं, श्राद्धाला पानात काय काय वाढतात, डांगरपचडीत ताक घालता की दही, असं विचारत विचारत त्या दोन घरं एकमेकांची आहेत हे ओळखत.

त्यांच्यासोबत एक पूर्ण आठवडा काढायचा योग मला एकदाच आला. मी रजा टाकली होती आणि सांगलीला जाणं ऐनवेळी रद्द झालं. अक्का म्हणाल्या, "घरात बसून काय करतेस? चल माझ्यासंगे." शोळिंगनल्लूरला श्रीधर नावाचा एक सॉफ्टवेअरवाला राहत होता. त्याच्या वडिलांचं, वेंकटरावांचं, सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं होतं. हॉलमध्ये घराण्याची वंशावळ मोठी छापून लावायची त्याची हौस. त्याने नावं दिली होती ती दोघा भावांची, वेंकटराव आणि वारलेले गोपाळराव.

सोमवारची सकाळ अक्कांनी फोनवर घालवली. मी समोर बसून अवरक्काय, म्हणजे घेवडा, निवडत होते. कुंभकोणमच्या एका म्हाताऱ्या चुलतबहिणीशी बोलताना त्यांचा आवाज एकदम हळू झाला. फोन ठेवून म्हणाल्या, "दोन नव्हेत, तीन लेकरं. जानकी म्हणून धाकटी आहे. ऑफिसातल्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव घेत नाहीत."

मंगळवारी श्रीधर भेटायला आला. त्याला आत्या आहे हे ठाऊक होतं. "अक्का, ते नाव नको," तो तमिळमध्येच म्हणाला. "अप्पांना त्रास होईल. समारंभ आहे, पाहुणे येतील." अक्कांनी त्याला आधी कॉफी दिली. मग शांतपणे म्हणाल्या, "जन्मलेल्या माणसाला जन्मलीच नाही असं मी कसं लिहू? दुसऱ्या कुणाकडून करून घे बाळा. मी रागावणार नाही." तो कॉफी अर्धी टाकून गेला. मला वाटलं, काम संपलं. अक्का मात्र साड्यांना कांजी करायला उठल्या. पुढचे दोन दिवस त्यांनी त्या घराचा विषयसुद्धा काढला नाही. गुडघ्याला तेल लावून घेतलं, कमलाच्या मुलीचा भूगोल घेतला, आणि फोन करून करून जानकीचा पत्ता मिळवला.

शुक्रवारी आम्ही पेरंबूरला गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. दार उघडलं ते एका सडपातळ, पांढऱ्या केसांच्या बाईने. अक्कांनी ओळख मराठीत सांगितली. ती मात्र तमिळमध्ये "आत या" म्हणाली. बराच वेळ तमिळच चाललं. तिचे यजमान, सॅम्युएल, चहा ठेवून आत गेले आणि मग तिला मराठी आठवू लागली. एकेक शब्द चाचपत म्हणाली, "माझं नाव लिहिणार तर यांचंही लिहा. माझ्या बाजूला. नाहीतर... नोको." अक्का म्हणाल्या, "तसंच लिहीन." भावाबद्दल ती काहीच बोलली नाही. आम्ही जिना उतरू लागलो तेव्हा वरून कठड्यावर वाकून तिने विचारलं, "अण्णाला चालता येतं का?"

शनिवारी आम्ही शोळिंगनल्लूरला गेलो. श्रीधरने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पडला, पण तो आडवा आला नाही. वेंकटराव बाल्कनीत बसले होते. अक्कांनी ना वंशावळ काढली, ना समजावणीचं काही बोलल्या. त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसल्या. "जानकीला भेटून आले," म्हणाल्या. "ती विचारत होती, तुम्हांला चालता येतं का."

वेंकटरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. खाली रस्त्यावर कंपन्यांच्या बस जात होत्या. श्रीधर दारात उभा. चष्मा पुन्हा लावून ते म्हणाले, "जिने किती आहेत तिच्याकडे?"

"दोन मजले. लिफ्ट नाही."

"सरि," ते म्हणाले. "हळू हळू चढेन."

रविवारी श्रीधर त्यांना घेऊन गेला. मी अक्कांना म्हटलं, आपणही जाऊ या का? "आपलं काय काम तिथे?" म्हणून त्यांनी मला केळफूल सोलायला बसवलं आणि स्वतः देवपूजेला बसल्या. संध्याकाळी श्रीधरचा फोन आला. अप्पा प्रत्येक वळणावर बसत बसत चढत होते, म्हणाला, आणि अर्ध्या जिन्यात आत्याच खाली उतरून आली. पुढे हॉलमध्ये वंशावळ लागली तेव्हा जानकीच्या बाजूला सॅम्युएल हे नाव होतं आणि ती दोघं खाली, पहिल्या रांगेत बसली होती. काही नातेवाईक जेवायला थांबले नाहीत. अक्का पोटभर जेवल्या.

तेराव्याला मी अक्कांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत माणसं मावत नव्हती. एकमेकांचे कोण लागतो हे अक्कांमुळेच कळलेली माणसं, त्यांत जानकीबाईही. मी थोडा वेळ आत, अक्कांच्या खोलीत जाऊन बसले. कमलाने त्यांचा मोबाइल अजून चार्जिंगला लावून ठेवला होता. तो वाजला, मी उचलला. पलीकडे एका बाईंचा फार थकलेला, कापरा आवाज होता. "रमा, तू विचारलं होतंस ते आज आठवलं बघ. माझ्या आजोबांच्या आईचं नाव. काशीबाई. माहेर मन्नारगुडी."

अक्का नाहीत हे मला सांगायचं होतं, सांगितलंही. मग त्या बाई म्हणाल्या, "अय्यो... मग आता हे नाव कुणाला सांगू?"

"मला सांगा," मी म्हटलं, "मी लिहून घेते." त्यांनी पुन्हा सावकाश सांगितलं, मी लिहिलं. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "तू कोणाची गे?"

आजवर या प्रश्नाला मी वडिलांचं नाव सांगत आले. त्या दिवशी आईचं सांगितलं, "मी सुमनची. सांगलीच्या."