सेव्ह न झालेला हिवर

“हा हिवर इथी नव्हता, दिव्यानी.”

“इथीच होता, मामाजी. तुमीच तं सांगतलं.”

“नाल्याच्या इतक्या जवळ मी झाड कायले लावीन? पावसाळाभर पानी राहे तिथी.”

“आता तुमाले आठवत नसन तं मी काय करू?”

बोलून गेली आणि दिव्यानीनं जीभ चावली. सासरा, मुखरू, मॉनिटरला नाक लावून बसला होता. समोर ठोकळ्याठोकळ्यांचं गाव उभं होतं.

खरं गाव आठ वर्षांपूर्वी माजरीकडच्या कोळशाच्या खाणीत गेलं आणि माणसं या नव्या वस्तीत आली. दिव्यानीच्या नवऱ्यानं, डंपर चालवणाऱ्या धनराजनं, तिला एक जुना कम्प्युटर आणून दिला. त्यातल्या ठोकळे रचायच्या खेळात दिव्यानी सहज एक विहीर बांधत होती, तर मागून सासरा म्हणाला, रहाट उलट्या अंगाला लावला. तेव्हापासून रोज दुपारी म्हाताऱ्यानं सांगायचं आणि सुनेनं रचायचं. कोणाचा गोठा कुठं, पारावर कोण टेकायचं, त्याच्या गप्पांना नुसता ऊत. खेळातल्या कोंबड्या तेवढ्या त्याला पसंत नव्हत्या. ह्या वरोऱ्याच्या बाजारातल्या दिसतात, म्हणायचा.

खेळाची खोड एकच. दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह होतं म्हणे. कोपऱ्यात चक्र फिरायचं, ‘सेव्ह झालं’ अशी अक्षरं यायची, आणि लाइट जाऊन आली की कळायचं, कशाचं काय. दोनदा शाळा गेली, एकदा अख्खं मारुतीचं देऊळ. दिव्यानी त्या चक्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. धनराज सांगायचा, हातानं सेव्ह करत जा. ती हो म्हणायची.

मग मागच्या मंगळवारी मुखरूनं तिच्या हातून माउस घेतला आणि तीस-बत्तीस वर्षांत कोणाजवळ काढलं नव्हतं ते बोलला. धनराजच्या आधी त्याला आणि त्याच्या बायकोला एक मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी गेली. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत. त्यानं एकट्यानं तिला शेतात पुरलं आणि वर हिवराचं रोप लावलं. बायकोलाही जागा दाखवली नाही. खेळातलं झाड त्यानं स्वतः लावलं आणि तोंड फिरवून उठला. दिव्यानी पाणी घेऊन त्याच्यामागे धावली. हातानं सेव्ह करायचं राहिलं. तेवढ्यात लाइट गेली.

शेत तिनं पुन्हा उभं केलं. पण हिवर कुठं होता? त्या वेळी ती झाडाकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग लावला अंदाजानं, आणि गप्प राहिली.

“असन बावा,” मुखरू पुटपुटला. “कम्प्युटर काऊन खोटं बोलन? मीच विसरलो असन. पोरीची जागाच विसरलो म्हंजे…”

दिव्यानीच्या शब्दावर विसंबून म्हातारा स्वतःवरच अविश्वास दाखवत होता.

“तुमी नाई विसरले, मामाजी. ते सेव्हच नाई झालं. सगळं गेलं होतं. हा मी अंदाजानं लावला, अन् वरून तुमालेच खोटं पाडून राह्यली.”

मुखरूनं स्क्रीनवरची नजर काढली नाही.

“कुठी होता तेवढं एकडाव सांगा. तुमच्यासमोर हातानं सेव्ह करीन.” तिनं माउस त्याच्या हाताशी सरकवला. “सांगान नं?”

त्यानं माउस तिच्याकडे परत सरकवला, खुर्ची मागं लोटली, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि दाराबाहेर निघून गेला.