लिली स्ट्रीट नावाचा रस्ताच नाही

आमच्या विहीणबाईंची एखादी वस्तू हरवली की ती सापडेपर्यंत शिकागोजवळच्या आमच्या अख्ख्या नेपरव्हिल गावात कुणाला सुखाने जेवता येत नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. गोरी, उंच, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आणि बर्फ पडला तरी पायात चपला. एकदा हजार तुकड्यांचं चित्र जुळवताना शेवटचा तुकडा सापडेना. दुसरी कुणी असती तर खोका उचलून माळ्यावर टाकला असता. ह्या बाईंनी व्हॅक्युमची पिशवी वर्तमानपत्रावर उलटी केली, कुत्र्याला दोन दिवस नजरकैदेत ठेवलं, आणि शेवटी माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "विहीन, ऊठ." तुकडा माझ्याखाली होता. मी तासभर त्यावर बसून चहा पीत होते.

"विहीन" ही त्यांची मला हाक. माझ्या लेकीने लग्नात ओळख करून दिली होती, "ही माझी आई, म्हणजे तुमची विहीण." बाईंना वाटलं, हे माझं नाव. अकरा वर्षं तसंच चाललं. कुणी दुरुस्त केलं नाही, मीही नाही. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळतं, माझं मराठी त्यांना अजिबात कळत नाही, पण आमचं भांडण त्यावाचून कधी अडलं नाही.

गेल्या वर्षी बाईंनी वस्तू सोडून रस्ता शोधायला घेतला. त्यांना आजीने वाढवलेलं. आपण शिकागोत लिली स्ट्रीटवर जन्मलो, असं आजी सांगायची. शेवटच्या आजारात तर सारखं तेच, मला लिली स्ट्रीटला ने. बाई तेव्हा सोळा वर्षांच्या. त्यांनी नकाशा आणून आजीच्या पांघरुणावर पसरला आणि बोट फिरवून दाखवलं की असा रस्ताच नाही, तू मनचं काहीतरी बोलतेस. पुन्हा आजीने रस्त्याचं नाव काढलं नाही आणि आठवड्यात गेली. हे बाईंनी मला किचनमध्ये भेंडी पुसताना सांगितलं. रडल्या वगैरे नाहीत. भेंडी मात्र साल निघेपर्यंत पुसली.

मग नकाशांच्या कचेरीत खेपा सुरू झाल्या. तिथल्या माणसाने तीनदा सांगितलं, असा रस्ता नाही. चौथ्या खेपेला बाई माझ्याकडून पोह्यांचा डबा भरून घेऊन गेल्या आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून जेवायला बसल्या. ही बाई संध्याकाळपर्यंत हलत नाही हे ओळखून त्याने आतून जुन्या नावांची यादी आणली. लिली स्ट्रीट होता. फार पूर्वी त्याला कुणा पुढाऱ्याचं नाव दिलेलं.

जावई म्हणाला, "मॉम, यादीत सापडलं ना? डन." लेक मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, तू तरी जाऊ नकोस यार. घरांचे नंबरसुद्धा चेंज झालेत, तिथे बघणार काय?" बाई चपला घालत होत्या. म्हणाल्या, "कागदावर विश्वास ठेवून मी एकदा चुकले आहे. आता डोळ्यांनी बघणार."

ट्रेनने गेलो, पुढे बसने. त्या रस्त्याला बाईंनी मला तीनदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. लाँड्रीवाल्याला विचारलं, टपालवाल्या बाईला विचारलं, एका माणसाला तर दाढी करता करता खिडकीत बोलावलं. लिली कुणालाच माहीत नव्हती. आजीचं घर कोणतं हे कळायचा तर मार्गच नव्हता, निम्म्या घरांच्या जागी आता गाड्या उभ्या असतात. माझे गुडघे बोलायला लागले. मी कोपऱ्यावरच्या एका विटांच्या इमारतीच्या पायरीवर बसले ती उठेचना.

मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी अक्षरं इथे येऊन दुकानांच्या पाट्यांवर शिकले, त्यामुळे दिसेल ते एकेक अक्षर लावत वाचायची मला खोड आहे. मान मोडून वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, कोपऱ्यात, दगडात काहीतरी कोरलेलं. एल. आय. एल. वाय. खांबावरची पाटी लोकांनी बदलली होती, भिंत खरवडायला कुणी चढलं नव्हतं.

"लिली!" मी असं ओरडले की लाँड्रीवाला बाहेर आला.

बाई रस्ता ओलांडून धावत आल्या. वर बघत राहिल्या. हात उंच करून भिंतीला लावला, अक्षरं फार वर होती, तरी टाचा उंचावल्याच. "आजी, रस्ता आहे," त्या म्हणाल्या. मग सावकाश नाक शिंकरलं. मी मान वळवून लाँड्रीवाल्याकडे पाहिलं. तिथे माझं काय काम?

थोड्या वेळाने शेजारी बसून म्हणाल्या, "नावं कशाला बदलतात गं लोक, विहीन?"

आता मात्र मला राहवेना. माझं इंग्रजी पुरेना म्हणून लेकीला फोन लावला. "आई, मी मीटिंगमध्ये आहे!" म्हटलं, असू दे, आधी ह्यांना सांग विहीण हे नाव नाही. बाईंचे कान लाल झाले. "अकरा वर्षं?"

"माझं नाव शालिनी," मी म्हटलं. "तेही नवऱ्याने ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं. मला वाचता येत होतं. वाचलं आणि मनात म्हटलं, ही कोण?"

"आणि त्याच्या आधी?"

"ठकू."

फोनमधून लेक म्हणाली, "आई, हे मला कुठे माहीत होतं?"

"विचारलंस कधी?"

बाईंनी पेन्सिल काढून रस्त्याचं नाव लिहून आणलेल्या कागदावर लिलीच्या खाली ते लिहून घेतलं, माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. त्यांना ठ येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पोह्यांचा डबा परत द्यायला आल्या आणि दारातून हाक मारली, "टाकू!" मी भाजी चिरत होते. त्या नावाने हाक मारणारा शेवटचा माणूस माझा थोरला भाऊ, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. पहिल्या हाकेला माझ्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या हाकेला ओ दिली.