दारात उभं राहायचं नाय

जनूकाका मुलांना दारातून आत ढकलायचे. त्यात राग नसायचा आणि मस्करीही नसायची. दोन खांद्यांच्या मधोमध तळहात टेकवायचे आणि बेताचा जोर लावायचे, पाय उंबऱ्याच्या आत पडेल एवढाच. आमच्या हायस्कुलातून दहावी होऊन गेलेल्या कितीतरी जणांच्या पाठीला तो तळहात ठाऊक आहे. आज कोणी नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातो, कोणी पेणला दुकान टाकून बसलाय, पण दोघे-तिघे भेटलो की कोणीतरी दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतंच, "चल, दारात उभं राहायचं नाय." मग हसू येतं. हल्ली मला येत नाही.

जनार्दन म्हात्रे हे आमच्या शाळेचे शिपाई. पेणहून धरमतरकडे जाताना खाडीच्या अंगाला आत वळलं की आमचं गाव. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खाऱ्या जमिनीतली भातशेती. माझे वडील मिठागरावर कामाला होते. घरात दहावीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे दहावीच्या पुढे काय असतं हे सांगायला घरात कोणी नव्हतं. तसं ते कुणाच्याच घरात नव्हतं. शिक्षकांनी सांगावं, तर त्यांना शाळा सुटली की पेणची गाडी पकडायची घाई. ते काम जनूकाकांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

दरवर्षी दहावीचा निकाल लागायच्या आधी, कॉलेजचे वरचे वर्ग सुरू झाले की एक दिवस ते आम्हा सगळ्यांना यष्टीत घालून पेणच्या कॉलेजात न्यायचे. त्याला ते 'तालीम' म्हणत. हेडसरांनी परवानगी दिलेली असायची की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कॉलेजात पोचलो की आधी पाण्याची टाकी कुठे ते बघायचं, मग मुलींची खोली कुठे ते विचारून यायचं. फळ्यावरची नोटीस मोठ्याने वाचायची. ऑफिसच्या खिडकीत प्रत्येकाने एकेक प्रश्न विचारायचा. आतल्या क्लार्कने खेकसलं की काका मागून शांतपणे सांगायचे, त्याचं डोकं दुखत असंल, तू परत विचार.

शेवटची परीक्षा म्हणजे चालू तासाला वर्गात शिरायचं, पाच मिनिटं बसायचं आणि बाहेर यायचं. आमच्या वर्षी पहिला नंबर माझा लागला. मी सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. काका म्हणाले, "घाल त्या. हितं चपला घालूनच बसतात." घातल्या. मग दारात उभी राहून, जन्मभर शाळेत म्हटलं तसं, म्हटलं, "सर, आत येऊ का?" सर फळ्यावर लिहीत होते. त्यांना ऐकूही गेलं नाही. मी तशीच उभी. तेवढ्यात पाठीवर तळहात आला. मी आत गेले, मागच्या बाकावर बसले. कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. वर पंखा फिरत होता. आमच्या शाळेत पंखा नव्हता, त्यामुळे ती पाच मिनिटं मी पंख्याकडेच बघत काढली. बाहेर आल्यावर हे त्यांना सांगितलं, तेव्हा पंखा आवाज करतो काय, वारा मागपर्यंत येतो काय, असं खोदून खोदून विचारत राहिले.

परतीच्या यष्टीत ते शेवटच्या सीटवर बसून उपदेश करायचे. शाळेत मुकाट तास वाजवणारा माणूस त्या दिवशी ऐकत नसे. "कालेजात कोन मारनार नाय, कोन वरडनार नाय. तेच वाईट हाय. तू नाय गेलास तरी कुनाला कलनार नाय, म्हनून आपलं आपनच जायचं." डब्यात सुकट असेल तर डबा झाकून खायचा नाही, उघडा ठेवून खायचा, हा मुलींसाठी खास नियम. झाकून खाल्लं की चोरी केल्यासारखं वाटतं, आणि एकदा तसं वाटायला लागलं की माणूस सगळंच झाकायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. आणि रडायचं असलं तर येतानाच्या यष्टीत रडायचं, जातानाच्या नाही.

एक गोष्ट मात्र मी तेव्हाच पाहिली होती. सगळ्यांना आत ढकलणारे काका स्वतः कुठल्याही वर्गाच्या दारातून आत गेले नाहीत. बाहेर भिंतीला टेकून आमच्या पिशव्या सांभाळत उभे राहिले. मला वाटलं, शिपायाने आत जायचं नसतं म्हणून असेल.

कारण कळलं ते मी अकरावीत कॉलेज सोडलं तेव्हा. सायन्स घेतलं होतं, सगळं इंग्रजीतून. दीड महिना काहीच डोक्यात शिरलं नाही आणि एके दिवशी मी यष्टी चुकवली. दुसऱ्या दिवशी जाणूनबुजून चुकवली. तिसऱ्या दिवसापासून तर स्टँडवरही गेले नाही, खाडीच्या बांधावर जाऊन बसायची. आठवड्याभराने शाळेच्या मधल्या सुट्टीत जनूकाका बांधावरून चालत आले आणि माझ्या शेजारी टेकले. ओरडतील असं वाटलं होतं. ते स्वतःचीच गोष्ट सांगायला लागले.

आमच्या गावातून मॅट्रिक झालेले ते पहिले. तेव्हा कॉलेज लांब, मामाकडे राहून जायचं. पहिल्या दिवशी नवा शर्ट घालून गेले, वर्ग शोधला, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आत येऊ का?" सरांनी काही उत्तर दिलं नाही. शाळेत सरांनी 'ये' म्हटल्याशिवाय आत जायचं नसतं, म्हणून ते थांबले. पुढच्या तासालाही तसंच. बाकीची पोरं बाजूने आत जात होती. यांना वाटलं, त्यांना आधीच परवानगी असेल. तीन दिवस ते दारात उभे राहिले; हजेरी घ्यायला अजून सुरुवात झाली नव्हती. चौथ्या दिवशी घरी परत आले आणि वडिलांना म्हणाले, घेतलं नाही मला.

"बापूस वरडला नाय. आपल्यातल्याला कशाला घेतील, येवढंच म्हनला," काका सांगत होते. खाडीला ओहोटी होती, ते चिखलाकडे बघत होते. शाळेत शिपाई म्हणून लागल्यावर बऱ्याच वर्षांनी एकदा शिक्षकांच्या खोलीत चहा देताना त्यांच्या कानावर पडलं की कॉलेजात कोणी विचारून आत जात नाही, नाव हजेरीत असलं की सरळ जाऊन बसायचं असतं. किटली हातात तशीच राहिली, म्हणाले.

"म्हंजे माजं नाव वर्षभर पुकारत असतील गो, सुमन. नि मी हितं."

त्यांनी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिलाही ते 'घेतलं नाही' एवढंच माहीत होतं. मला रडू आलं, आणि त्यांनी येतानाची-जातानाची काही भानगड न काढता मला रडू दिलं. उठताना एवढंच म्हणाले की सायन्स जमत नसेल तर सायन्स सोड, कॉलेज सोडू नको. आणि उद्याच्या यष्टीला मी स्टँडवर येतो. आले. मला आत चढवलं, तसंच, पाठीवर तळहात ठेवून. चढता चढता मी म्हटलं, "काका, मी प्रोफेसर झाले ना, तर तुम्हाला माझ्या वर्गात बसवीन." ते मोठ्याने हसले. "मागच्या बाकावर हां. फुडं बसवू नको."

मी आर्ट्सला गेले, भूगोल घेतला, एम.ए. झाले. रोह्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेले. ते निवृत्त झाले होते. गुडघे धरले होते, तरी कधी येऊ म्हणून विचारत होते. मी म्हटलं, जरा बस्तान बसू द्या. मग परीक्षा आल्या. मग माझं लग्न, रोह्याजवळ वरशाला बिऱ्हाड, मुलगी. दर भेटीत ते तारीख विचारायचे आणि मी 'आता दिवाळीनंतर' म्हणायची. टाळत नव्हते, खरंच. पण बोलावतही नव्हते.

एक दिवस ते आपणहूनच आले. त्या दिवशी कॉलेजात तपासणी होती. बाहेरगावची चार माणसं माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकांवर वह्या उघडून बसली होती. मी खारभूमीवर शिकवत होते. भरतीचं पाणी अडवायला बांध कसे घालतात, ते फळ्यावर काढत होते. मागे वळले तर वर्गाच्या मागच्या दारात कोणीतरी उभं. डोक्यावर टोपी, हातात छत्री, काखेत पिशवी.

मी ओळखलं नाही असं म्हणायची सोय आहे. वीस पावलांवर, पाठीमागून उजेड. पण मी ओळखलं होतं. ओळखलं, आणि मागे बसलेल्या त्या चार माणसांकडे माझी नजर गेली, आणि मी हात वर करून तळवा दाखवला. थांबा. मग परत फळ्याकडे वळले. सुकटीचा डबा इतकी वर्षं उघडा ठेवून खाल्ला मी, आणि त्या दिवशी झाकला.

तास संपला तेव्हा पाहुण्यांनी घेरलं. बोलत बोलत पुढच्या दाराने त्यांच्याबरोबर प्राचार्यांच्या खोलीत गेले. तिथे चहा, प्रश्न, सह्या. मोकळी होऊन धावत वर्गाकडे आले तर दारात कोणी नाही. आमच्या शिपायाने एक पिशवी हातात दिली. आत पोह्याचे पापड होते. "एक म्हातारे उभे होते, मॅडम, पूर्ण तास. मी दोनदा म्हटलं, आत जाऊन बसा. तर म्हणाले, बाईंनी थांबायला सांगितलंय."

स्टँडवर गेले. पेणची गाडी नुकतीच गेली होती.

येत्या रविवारी जाऊ म्हटलं. रविवारी मुलीला ताप होता. पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते. तिसऱ्या आठवड्यात गावाहून भावाचा फोन आला. सकाळी अंगणात चहा पिता पिता गेले, म्हणाला.

मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. काकी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बसवून घेतलं, माझे हात हातात घेतले. मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, पण त्याच आधी बोलायला लागल्या.

"तुज्या कालेजात जाऊन आले ना, तवापासून गावभर तेच. पोरीनं मला वर्गात बसवलं, बांद कसं घालतात ते शिकवत होती, सगला तास ऐकला, म्हनाले. त्यांना कदी येवढं खूश बगितलं नवतं गो मी." त्यांनी पदराने डोळे पुसले. "कुटल्या बाकावर बसवलंस त्यांना?"

अंगणात माणसं होती. त्यातल्या निम्म्यांच्या पाठीला तो तळहात लागलेला. सगळी माझ्याकडे बघत होती.

"मागच्या," मी म्हटलं. "त्यांना मागचाच हवा होता."

"पंखा होता काय वर?"

"होता," मी म्हटलं.