टाकी धरणारा दगड

माझी आई पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची. रोज वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की मिरची त्याच्यावर नुसती घसरते, खोबरं बारीक होत नाही. मग छिन्नी-हातोडीनं त्याच्यावर पुन्हा खाचा पाडून घ्याव्या लागतात. तेच तिचं काम. रामनगरात बाजाराच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर होतं. वडील बेळगाव-गोवा रस्त्यावर ट्रक चालवायचे, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. भातकापणी आटोपली की आई पिशवीत हातोडी आणि चार छिन्न्या टाकून जोयड्याच्या बसमध्ये बसायची आणि रानातल्या कुणबी वाड्यांवर घरोघर फिरायची. दिवाळीच्या सुट्टीत मीही तिच्याबरोबर असायचे.

पाट्यासमोर बसली की ती आधी हातोडीनं एक टिचकी मारायची आणि कान द्यायची. मग तळवा ओला करून दगडावरून फिरवायची. "ह्यो टाकी धरतोय," म्हणायची आणि पदर खोचून कामाला लागायची. कधी मान हलवायची. "ह्यो धरत न्हाई गं. लावून देतो, पन दोन म्हैन्यात खाचा बुजतील. मग मला नावं ठेवू नगा." टाकीचा आवाज सुरू झाला की अंगणातल्या कोंबड्या लांब पळायच्या. आईच्या भुवयांवर राखाडी भुकटी बसायची आणि ती एकदम म्हातारी दिसायला लागायची. मला त्याची भीती वाटायची. मी ओंजळीत पाणी घेऊन तिला तोंड धुवायला लावायचे. दुपारी त्या घरची पेज आणि वाफवलेले कंद. संध्याकाळी रस्त्यावर बसची वाट बघत तिच्या मांडीवर डोकं टेकायचं, तर तिच्या लुगड्याला फुटलेल्या दगडाचा वास यायचा. तो वास अजून मला कुठंही ओळखता येतो.

मी पुढं भूशास्त्र शिकले. बेळगावात पदवी आणि मग धारवाडला एम. एस्सी. आमच्या गल्लीत त्याचं हसं झालं. "आई दगडं फोडती, पोरगी दगडं शिकती," असं लोक म्हणायचे. आई उलट विचारायची, "मग? ठावं असल्यालंच शिकावं मानसानं."

पायरॉक्सिन हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते धारवाडच्या वर्गात. आमच्या सरांनी काळ्या दगडाचा एक तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्याचा काळेपणा कशामुळं? पायरॉक्सिन नावाच्या खनिजामुळं." मग त्यांनी फळ्यावर त्याची घडण काढून दाखवली. मध्ये सिलिकॉनचा एक अणू, त्याच्याभोवती चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार. असा प्रत्येक चौकोपरा आपले दोन कोपरे शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतो आणि त्यातून लांबच लांब साखळी तयार होते. अशा साखळ्या शेजारी शेजारी पडलेल्या असतात, आणि त्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. ह्या धातूंचं प्रमाण बदललं की खनिजाचा रंग, वजन, नाव बदलतं. साखळी मात्र तीच राहते. साखळी आतून पक्की, पण साखळी-साखळीमधली बांधणी त्या मानानं कच्ची. म्हणून पायरॉक्सिन फुटतं ते दोन दिशांना, आणि त्या दोन दिशा एकमेकींना जवळजवळ काटकोनात छेदतात.

"जवळजवळ," सर पुन्हा म्हणाले. "सत्त्याऐंशी अंश. हा कोन विसरायचा नाही."

मी वहीत लिहून घेतला आणि विसरले.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी आमच्याच तालुक्यातला काळा दगड निवडला. जोयड्याच्या डोंगरांत जुन्या खडकांना चिरत गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती आहेत. जमिनीखालचा तप्त रस भेगांत शिरून थिजला, त्या ह्या भिंती. सरांनी वनखात्याकडून परवानगीचं पत्र मिळवून दिलं. रानात एकटीनं जायला घरचे सोडेनात, तेव्हा आई म्हणाली, "मी येतो की. माझीच वाट हाय ती."

बाजारकुणंगच्या बाजूला एका ठिकाणी रस्ता रुंद करताना डोंगर कापला होता. काळी भिंत उघडी पडलेली, हात लावावा इतकी जवळ. मी खूश झाले. भराभर तुकडे काढून पिशव्यांवर आकडे घालायला लागले. आईनं हातोडीनं एक टिचकी मारली, तळवा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो नगं घेऊस."

"का?"

"ह्यो पानी प्यालेला दगुड हाय. हिरवट मारतोय बघ. टाकी धरायचा न्हाई."

"आये, मला काय पाटा करायचाय? मला आतलं बघायचंय."

"आतलंच सांगतोय मी," ती म्हणाली. पण मी पिशव्या भरत राहिले, तेव्हा ती अर्ध्या पिशव्या स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसपर्यंत चालली.

धारवाडला मी त्या दगडांचे काप केले. दगडाची चकती काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि कुरुंदाच्या पुडीत घासत राहायचं, कागदाहून पातळ होऊन आरपार उजेड येईपर्यंत. एकेका कापाला अख्खा दिवस जायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मला काळ्या दगडात पायरॉक्सिन दिसायला हवं होतं, म्हणून मला तेच दिसलं. कडेनं हिरवे डाग होते. सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवली की त्यांचा रंग गडद-फिका व्हायचा. मी ते किरकोळ समजून सोडून दिलं. वहीत ओळीनं लिहीत गेले, पायरॉक्सिन, पायरॉक्सिन.

तोंडी परीक्षेच्या दोन आठवडे आधी सरांनी आमची सराव-परीक्षा घेतली. माझा काप त्यांनी बराच वेळ पाहिला. मग मान वर न करताच विचारलं, "कोन मोजलास?"

"हो सर."

ते नुसते बाजूला सरकले आणि खुर्ची माझ्यापुढं केली. वर्गातले सगळे बघत होते. मी डोळा लावला, भिंगातली रेघ खनिजाच्या रेघेवर आणली, चकती फिरवली आणि आकडा वाचला. छप्पन्न.

"छप्पन्न अंशांचं काय असतं?" सरांनी विचारलं.

"अँफिबोल," मी म्हणाले. अँफिबोलमध्ये दोन साखळ्या जोडीनं बांधलेल्या असतात, म्हणून कोन बदलतो. माझं पायरॉक्सिन केव्हाच बदलून गेलं होतं, आणि मी पूर्ण प्रबंध त्याच्या नावानं लिहिला होता.

चूक झाली त्याचं एवढं नाही, पण "हो सर" म्हणाले ते मला खात होतं. मी वसतिगृहात न जाता सरळ स्टँडवर गेले आणि रामनगरची गाडी धरली.

आई भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. ती तवा उतरवून माझ्याकडं वळली.

"सरास्नी खोटं का बोललीस?"

"लाज वाटली."

"आता न्हाई वाटत?"

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मग विचारलं, "त्या दगडात निघालं काय म्हनतीस?"

"अँफिबोल. पायरॉक्सिनच्या आत पाणी शिरलं की त्याचं ते होतं." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी थांबले. अँफिबोलच्या घडणीत पाण्याचा अंश असतो, पायरॉक्सिनच्या नसतो. हे मी परीक्षेत दहादा लिहिलं होतं. आईनं ते रस्त्याच्या कडेला तळवा फिरवून सांगितलं होतं.

"व्हय की," आई म्हणाली. "पानी प्यालाय म्हनून सांगितलं हुतं." तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. पुन्हा भाकरीकडं वळली. "उद्या जाऊ. चांगला दगुड कुटं हाय ते मला ठावं हाय."

तो दगड एका कुणबी घराच्या खळ्यात होता. त्या घरची बाई आईच्याच वयाची, आईची वर्षानुवर्षांची ओळख. खळ्याच्या मधोमध म्हशीच्या पाठीएवढा गोल धोंडा, आणि त्याच्यावर त्यांच्या चार पिढ्यांनी भाताच्या पेंढ्या झोडलेल्या. वरची साल तपकिरी, पापुद्र्यांची. आईनं टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा नाही, पण लोखंडाच्या कढईसारखा वाजला.

मी हातोडी काढली तशी ती बाई आडवी आली. "तो फातर फोडूंक हांव दिवची ना," ती कोंकणीत म्हणाली. दगड फोडू देणार नाही म्हणजे नाही. मी पत्र दाखवलं. तिनं पत्राकडं बघितलंसुद्धा नाही.

आईनं मला मागं केलं आणि धोंड्याभोवती वाकून एक फेरी मारली. खाली, जमिनीला टेकतो तिथं, एक कंगोरा पुढं आलेला होता. ती बाईला म्हणाली, "हितं पेंढी लागती व्हय? मग हितलाच ढलपा घेतो, मुठीएवढा. वर छिन्नी लावायची न्हाई. आन् तुजा रगडा आन बाहिर, त्याला टाकी लावून देतो."

बाईनं वाकून तो कंगोरा बघितला. मग आत जाऊन वाटायच्या रगड्याचा गोल गुंडा लोटत घेऊन आली.

आईनं आधी रगड्याचं काम पुरं केलं. दुपार कलली. मग ती धोंड्यापाशी आडवी झाली, एक कान जमिनीला लावून, आणि छिन्नी कुठं टेकवायची ते बोटांनी चाचपत राहिली. तीनच घाव घातले. ढलपा अलगद सुटला. आतून काळाभोर, आणि उन्हात धरला तर बारीक बारीक कणांचे पैलू लखलखत होते. त्या बाईनंही तो हातात घेऊन पाहिला. इतकी वर्षं खळ्यात असलेला दगड आतून कसा आहे, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

धारवाडला परतल्यावर मी आधी सरांकडं गेले आणि कोन मोजला नव्हता हे सांगितलं. "माहीत आहे," ते म्हणाले. "पुढं?" मी आईचं बोलणं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "पाणी प्यालेला, असंच म्हणाल्या?" त्यांनी ते दोनदा विचारलं, आणि मग म्हणाले की दोन्ही दगड ठेव, दोन्हीची तुलना हाच आता तुझा प्रबंध. आईला एकदा घेऊन ये, असंही म्हणाले.

आई आली ती तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, हिरवं इरकल नेसून. सरांनी तिला खुर्ची दिली. मी खळ्यातल्या धोंड्याचा काप लावून दिला. तिनं एक डोळा मिटला, तो उघडून दुसरा मिटला, आणि मग एकदम स्थिर झाली. मी हळूहळू चकती फिरवली. फेल्डस्पार ह्या दुसऱ्या खनिजाच्या काळ्या-पांढऱ्या काड्या आणि त्यांच्यामध्ये पायरॉक्सिन निळं, पिवळं, गुलाबी होत गेलं, त्याच्यावर उभ्या-आडव्या बारीक रेघा.

"कुनी काढल्या ह्या?" तिनं विचारलं.

"कुणी नाही आये. दगड थिजला तेव्हापासून आहेत."

"आन् ही रंगं?"

"उजेडाची. दगड पातळ केला म्हणून दिसतात."

"घासून केलास?"

"हो. अख्खा दिवस."

तिनं माझा हात ओढून घेतला, बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि सोडला. मग बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून राहिली. सर दाराशी उभे होते, त्यांना तासाला जायचं होतं, पण ते गेले नाहीत.

मी पास झाले. आता बेळगावच्या एका कॉलेजात शिकवते. दरवर्षी पोरांना पायरॉक्सिनची साखळी फळ्यावर काढून देते आणि प्रत्येकाला माझ्यासमोर कोन मोजायला लावते. कुणी न मोजता मोजला म्हणालं तर मला कळतं. मी रागवत नाही. खुर्ची पुढं करते.

जोयड्याच्या वाड्यांवर मिक्सर पोचले आणि आईचं काम सुटलं. ती माझ्याकडं राहायला आली. गुडघे दुखतात, ऐकू थोडं कमी येतं. पण भातं निघाली की तिला चैन पडत नाही. मी तिला बसमध्ये बसवून देते आणि ती त्या कुणबी बाईच्या घरी चार दिवस राहून येते. येताना गोणीभर कंद आणते, आणि पाठोपाठ त्या बाईचा फोन येतो, पोचली का म्हणून.

गेल्या वेळी मी तिला विचारलं, "चार दिवस करता तरी काय दोघी?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "खळ्यात बसतो. ती तिकडचं सांगती, मी हिकडचं सांगतो. दिस जातोय."