वर टाकू की खाली?

न्युरेम्बर्गला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका बेसबॉल जाणणारा मराठी माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि त्यांनी बेसबॉलचा एकही सामना उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, एक जाडजूड अमेरिकन पुस्तक सापडलं, आणि तेव्हापासून त्यांचं जग एकोणिसाव्या शतकात जाऊन बसलं. धंदेवाईक बेसबॉलच्या अगदी सुरुवातीच्या मोसमांत फलंदाजीची सरासरी कोणाची सर्वांत वर, हे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ. गणपतीत मंडळी क्रिकेटवरून हमरीतुमरीवर यायची, तेव्हा काका प्रसादाचा द्रोण सांभाळत कुणा मिशाळ फलंदाजाची कैफियत मांडत असायचे.

पुरेसे सामने खेळल्याशिवाय यादीत नाव नाही, हा त्या पुस्तकातला नियम काकांनी सगळ्या जगाला लावला होता. कोपऱ्यावरच्या नव्या बेकरीचं मी कौतुक केलं तर म्हणाले, "दोनदाच खाल्लास ना पाव? यादीत बसत नाही." माझ्या उपम्याला पात्र ठरायला सव्वा वर्ष लागलं.

पण या माणसाने माझी नोकरी वाचवली. २०१४ साली माझा प्रोबेझाइट चालू होता, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीचे सहा महिने. साहेब भराभर जर्मन बोलायचे, आणि मोठ्या माणसाला "परत सांगा" म्हणणं मला उद्धटपणा वाटायचा. म्हणून मी कळो न कळो, "जा, जा, गेनाऊ," म्हणजे "हो, हो, अगदी बरोबर," म्हणत मान हलवायचे. एकदा त्यांनी ड्रॉइंगमधला एक बदल रद्द करायला सांगितला. मी "गेनाऊ" म्हटलं आणि नेमका तोच बदल वर्कशॉपला पाठवून दिला. सोमवारी भेटायला या, असा निरोप आला. शुक्रवारी काकांच्या स्वयंपाकघरात बसून मी रडले.

काकांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. पुस्तक उघडलं. "अगं, त्या काळी बॅटरला हक्क होता. चेंडू वर हवा की खाली, ते तो आधी सांगायचा, आणि पिचरला तसाच टाकावा लागायचा. तू काय मागितलंस?"

"काहीच नाही, काका."

"मग माग की!"

चहा पार गार होईपर्यंत त्यांनी माझ्याकडून "बिट्टे लांगझाम," कृपया हळू बोला, घोकून घेतलं. सोमवारी मी साहेबांना तेच म्हटलं.  साहेब म्हणाले, "अहो, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" आणि पेन्सिल घेऊन, चित्र काढत काढत, सावकाश बोलू लागले. नोकरी टिकली. काकांचे हे उपकार मी कधीच विसरणार नाही.

पुढे काका नाशिकला लेकीकडे गेले, पुस्तकासकट. दर रविवारी मी फोन करते. अलीकडे ते फार कमी बोलायला लागले होते. परवा मी सांगितलं की मी जिन्यावरून पडले, माझ्या पायाला प्लास्टर आहे. पलीकडून आनंदाने उत्तर आलं, "जा, जा, गेनाऊ!"

 ऐकू आलं नाही तरी हो म्हणायची ही युक्ती माझ्याइतकी कोणाला ठाऊक असणार? मी फोन तोंडाशी धरून मोठ्याने विचारलं, "काका, वर टाकू की खाली?"

 काका हसले.

"खाली टाक, बाई. आणि हळू."