सुजाता रामटेके, घाई नको!

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्याकडे फ्रिजच्या दारावर मॅग्नेट साठतात ना, तसंच ते असतं. एक कोणीतरी फ्लोरिडाहून आणून दिलेला, एक डेंटिस्टनं हातात कोंबलेला, आणि एक दिवस बघावं तर दाराचा मूळ रंगच दिसेनासा झालेला! मागच्या सीझनमध्ये इथं अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या कंपूचं असंच झालं. सीझन म्हणजे बास्केटबॉलचा. आणि तोही इथला नाही, चक्क ब्रिटनचा!

कारण सुजाता. माझा मित्र मिलिंद रामटेके मूळचा नागपूरचा, मी पुण्याचा, आणि आम्ही दोघं इथं मिशिगनमध्ये गाड्यांच्या सीट्स टेस्ट करणाऱ्या एकाच लॅबमध्ये. सुजाता त्याची एकुलती एक मुलगी. जन्म इथला, उंची पाच फूट पाच इंच, आणि बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड. म्हणजे बॉल पुढे नेणारी आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवणारी. कॉलेज संपल्यावर उत्तर इंग्लंडमधल्या एका क्लबनं तिला एका सीझनचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. प्रोफेशनल लीग! पगारी!

त्यांच्या संध्याकाळच्या मॅचेस आमच्याकडे दुपारी अडीचला लागायच्या. मिलिंदचं बेसमेंट, मोठा टीव्ही, त्याच्या बायकोचा, म्हणजे छायावहिनींचा चहा आणि आम्ही. नियम मिलिंद सोडला तर कोणालाच येत नव्हते.

*

सीझन सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला एका सीनियर काकांनी मिलिंदला गाठलं. (नाव सांगत नाही, ते हे वाचतील.)

"सुजाता हल्ली कुठे असते?"

"इंग्लंडला, काका. प्रोफेशनल बास्केटबॉल खेळते."

"वा, वा! आणि शिकते काय?"

"शिक्षण झालं. डिग्री मिळाली. आता खेळते."

"खेळावंच. तब्येतीला चांगलं असतं. पण करते काय?"

मिलिंद तसा फार सोशिक माणूस. पण त्यानं हातातली प्लेट खाली ठेवली. म्हणाला, "काका, तुम्ही इतकी वर्षं नोकरी केलीत. ऑफिसात शिरताना कधी कोणी माइकवरून तुमचं नाव पुकारलं का?"

काका खरंच विचारात पडले.

"एकदा," ते म्हणाले. "गाडीचे लाइट चालू राहिले होते तेव्हा."

*

पहिल्या पाच मॅचेस सुजाता बेंचवर होती. एक मिनिट नाही की अर्धं मिनिट नाही. क्लबचा कॅमेरा एकच, तो एका कोपऱ्यात लावलेला, त्यामुळे बेंचचं फक्त टोक दिसायचं. त्या टोकाला सुजाताचा डावा बूट. निळा, पिवळ्या लेसचा.

आम्ही पाच मॅचेस तो बूट बघितला. शपथ! समोर दहा जणी धावतायत, आणि आम्ही बुटाकडे. बूट हलला की छायावहिनी म्हणायच्या, "नर्व्हस आहे गं ती." बूट स्थिर असला की माझी बायको माधवी म्हणायची, "कंटाळली बिचारी." मिलिंद नुसता बघायचा.

सहाव्या मॅचला त्यांच्या मेन पॉइंट गार्डचा पाय मुरगळला. आम्ही तेवढ्यात समोसे वाटून घेत होतो. एकदम माधवी ओरडली, "अरे, बूट कुठे गेला?"

सगळे बेंचच्या टोकाकडे बघायला लागले. बूट नाही!

"बाथरूमला गेली असेल," मी म्हणालो.

मिलिंद उभा राहिला होता. त्यानं नुसतं टीव्हीच्या मधोमध बोट दाखवलं. बूट बॉल घेऊन पळत होता!

*

आता ऑफिस. शुक्रवारच्या मॅचेस नेमक्या कामाच्या वेळात यायच्या. मिलिंदनं आपल्या कॅलेंडरवर दर शुक्रवारी दुपारी अडीच ते साडेचार ब्लॉक टाकला. नाव दिलं, "सप्लायर रिव्ह्यू, यूके." मला इनव्हाइट पाठवलं. मी अ‍ॅक्सेप्ट केलं. छोट्या कॉन्फरन्स रूममध्ये दार लावून लॅपटॉपवर आमचा रिव्ह्यू चालायचा.

दोन महिने हे सुरळीत चाललं. मग एकदा आमचा मॅनेजर ग्रेग कॉफी मशीनपाशी म्हणाला, "मिलिंद, हा यूकेचा सप्लायर कसा आहे? क्वालिटी ठीक आहे ना?"

मिलिंदला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "डिफेन्स चांगला आहे. रिबाउंडिंग वीक आहे."

ग्रेगनं कॉफीचा एक घोट घेतला. मग दुसरा. मग मिलिंदनं सगळं सांगून टाकलं. मुलगी, क्लब, बेंच, बूट, सगळं. मी तोवर मनातल्या मनात माझा रेझ्युमे अपडेट करत होतो.

ग्रेग आपल्या केबिनमध्ये निघून गेला. दहा मिनिटांनी दोघांच्याही स्क्रीनवर नोटिफिकेशन आलं. मीटिंगची रूम बदलली होती. आता मोठी रूम, प्रोजेक्टरवाली. आणि इनव्हाइट आख्ख्या लॅबला!

*

नावाचा घोळ तर पहिल्यापासून होता. तिथला अनाउन्सर चांगला हौशी माणूस, पण रामटेके त्याच्या तोंडात बसेना. एकदा "रॅमटीक", एकदा "रमटाकी", आणि एकदा तर त्यानं "नंबर नाइन, सुजाता!" एवढं म्हणून खोकल्याचं नाटक केलं.

छायावहिनींनी हे फार मनाला लावून घेतलं. "माझ्या पोरीचं नाव आहे ते. ढेकर आहे का?" त्यांनी सुजाताकडून क्लबचा ईमेल मिळवला आणि स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवलं. एकदम स्पष्ट, सावकाश. आम्हाला नंतर ऐकवलं, "सुजाता. रा-म-टे-के. रामटेके. घाई नको."

ते शेवटचे दोन शब्द त्या माणसासाठी होते. म्हणजे बाबा रे, घाईनं उरकू नकोस. पण त्या बिचाऱ्याला काय कळणार! त्यानं मनापासून पाठांतर केलं होतं. पुढच्या मॅचला दिवे मंद झाले, म्युझिक सुरू झालं आणि तो गरजला, "नंबर नाइन... सुजाताSS... रामटेकेSS... घाई नकोSS!"

बेसमेंटमध्ये आम्ही अक्षरशः लोळलो. छायावहिनींनी डोक्याला हात लावला. सुजाता कोर्टवर शिरताना हसत होती, पण तिनं कोणाला दुरुस्त केलं नाही. महिन्याभरात तिथल्या लोकांनी ते उचललं. तिच्या हातात बॉल आला की एका बाजूनं "घाई!" आणि दुसऱ्या बाजूनं "नको!" एका आजोबांनी तर कार्डबोर्डवर लिहून आणलं होतं.

तिच्या कोचनं एकदा विचारलं म्हणे, की याचा अर्थ काय. सुजातानं सांगितला. कोच म्हणाली, "सीझनभर मी तुला दुसरं काय सांगतेय?"

*

सुजाता फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरचा मोकळा शॉट, घ्यायला उभी राहिली की मिलिंदला बघवत नाही. तो उठतो आणि जिना चढून गॅरेजमध्ये जातो. खालून आरडाओरडा ऐकू आला की परत येतो. ओरडण्यावरून त्याला कळतं, एक गेला की दोन्ही.

जानेवारीत एक मॅच शेवटच्या मिनिटाला बरोबरीत होती. सुजातावर फाउल झाला, तिला दोन फ्री थ्रो. मिलिंद उठला, गॅरेजमध्ये गेला. बाहेर बर्फ, आत फ्रीझरसारखी थंडी, अंगात नुसता स्वेटर. आणि नेमकी त्याच क्षणी आमची स्ट्रीम अडकली! स्क्रीनवर सुजाता हात वर करून गोठलेली. आम्ही राउटर बंद-चालू करतोय, केबल ओढतोय, कोणीच ओरडत नाहीये. आणि वर गॅरेजमध्ये हा माणूस उभा! आम्ही पार विसरलो त्याला.

स्ट्रीम काही आलीच नाही. अर्ध्या तासानं छायावहिनींच्या लक्षात आलं. आम्ही धावत वर गेलो. मिलिंद गाडीच्या मागच्या सीटवर ब्लँकेट गुंडाळून बसला होता, हातात फोन. त्यानं तो आमच्यापुढे धरला. लॉकर रूममधून सुजाताचा मेसेज आला होता.

"Both in, Baba. We won. Please get out of the garage."

*

तिथल्या खेळाडूंना आठवड्यातून दोनदा सकाळी शाळांमध्ये जाऊन मुलांना खेळ शिकवावा लागतो. कॉन्ट्रॅक्टमध्येच असतं. एका शाळेत आठेक वर्षांची एक मुलगी, आपल्याकडच्यासारखीच दिसणारी, सगळा वेळ भिंतीला टेकून उभी होती. बाकीची मुलं गेल्यावर ती सुजाताजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुला घरचे खेळू देतात?"

सुजाता म्हणाली, "देतात म्हणजे? माझे बाबा सकाळी साडेपाचला मला बर्फातून प्रॅक्टिसला ड्राइव्ह करून न्यायचे. आणि माझी प्रॅक्टिस होईपर्यंत गाडीत बसून ऑफिसचे रिपोर्ट लिहायचे."

त्या मुलीनं जरा विचार केला. "ते मला पण नेतील का?"

छायावहिनींनी आम्हाला हे बेसमेंटमध्ये सांगितलं. ऐकता ऐकता मिलिंद उठला. "मी चहा घेऊन येतो," म्हणाला आणि वर निघून गेला.

आमच्या सगळ्यांच्या हातात चहाचे कप होते. त्याच्याही.

*

एप्रिलमध्ये मिलिंदच्या आई नागपूरहून आल्या. वय ऐंशीच्या पुढे. बास्केटबॉल त्यांनी जन्मात बघितलेला नव्हता. त्यांनी बघितलेली पहिली मॅच म्हणजे सीझनची शेवटची मॅच. जिंकलो तर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी; हरलो तर घरी.

आठ सेकंद उरलेली, एका पॉइंटनं मागे, बॉल सुजाताकडे. ती एकीला चकवून आत शिरली. आम्ही सगळे उभे राहून ओरडत होतो, "मार! मार!" तिनं नाही मारला. तिनं पास दिला. बास्केटखाली हॅना उभी होती, एकटी. हॅना म्हणजे तिची रूममेट, सहा फूट दोन इंच. हॅनानं बॉल टाकला. तो रिंगवर फिरला, आणखी एकदा फिरला आणि बाहेर पडला. हॉर्न वाजला.

मग कोणीतरी म्हणालं, "स्वतः मारायला हवा होता." ते मी होतो. कबूल करतो.

तासाभरानं सुजाताचा व्हिडिओ कॉल आला. डोळे सुजलेले. छायावहिनींनी फोन आजींच्या हातात दिला.

"आजी, हरलो आम्ही."

"पाह्यलं मी. ज्या पोरीले तू बॉल देला, ते मोकळी होती काय?"

"हो आजी. एकदम ओपन होती."

"मंग बरोबर देला. हारलं त हारलं." आजींनी चष्मा नीट केला. "कुठी हाय ते पोरगी?"

"इथेच आहे. माझ्या शेजारी. खूप रडतेय."

"तिले दे फोन."

"आजी, तिला मराठी नाही येत."

"दे म्हटलं ना."

फोन फिरला. स्क्रीनवर एवढी उंच मुलगी गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर बसलेली, नाक लाल. तिनं वर बघितलं. आजींनी फोन अगदी तोंडाजवळ धरला. आम्ही सगळे मागून वाकून बघत होतो.

"जेवली काय वं, माय?" आजींनी विचारलं.

हॅनानं बाहीनं डोळे पुसले आणि नकाराची मान हलवली.

"नॉट येट," ती म्हणाली.