झाडाले कायचा दुखवटा?

दिवाळी होऊन गेली, अकोल्यात सकाळचा गारठा पडायला लागला, आणि मी अंगणातला झेंडू उपटून टाकायचं ठरवलं. पानं पिवळी, फुलं वाळून काळी पडलेली... बघवत नव्हतं.

हा झेंडू आमच्या हिने आषाढात लावला होता. दसऱ्याचं तोरण घरच्याच फुलांचं, हा तिचा दरवर्षीचा हट्ट. श्रावणात ती अचानक गेली... झेंडू मात्र दसऱ्याच्या तोंडावर फुलला, अगदी वेळेवर.

पहिलं वर्ष, म्हणून घरात सण नाही. तोरण नाही, लक्ष्मीपूजनाला हार नाही, मग फुलं तोडायची कशाला? एकही तोडलं नाही. पाणी मात्र इमानेइतबारे घालायचो.

मुलगी पुण्याला असते. रोज फोन करते, पण फोन ठेवला की घर जास्तच रिकामं वाटतं... मग मी अंगणात जाऊन पाइप धरून उभा राहायचो. हिच्या हातचं एवढंच जिवंत उरलं होतं, आणि तेही डोळ्यांदेखत वाळत चाललं होतं. खत झालं, फवारणी झाली. ढिम्म फरक नाही.

शेवटी वैतागून पहिल्या झाडाला हात घातला, तोच कुंपणापलीकडून शेजारच्या शोभावहिनींचा आवाज आला. त्या पातूरकडच्या, माहेरी झेंडूचीच शेती. "काहून उपटून राहिले भाऊजी? फुलं तोडली नाही का तुमी?"

म्हटलं, यंदा सण नाही ना आमच्याकडे.

"सण तुमच्या घरी नाही. झाडाले कायचा दुखवटा? फूल तोडलं नाही का थे बी धरते. मंग झाडाले वाटते, आपलं काम झालं. थे पुन्हा फुलन कायले?"

खरं सांगतो, रागच आला. आत जाऊन बसलो... थोड्या वेळाने कात्री आणि स्टूल घेऊन बाहेर आलो. एकेक वाळलेलं फूल खुडलं, वहिनींनी कुंपणापलीकडून सांगितल्या तशा फांद्या छाटल्या, बुडाशी शेणखत घातलं. मध्येच रडू आलं, तेही उरकून घेतलं. वाळलेली फुलं काही फेकवली नाहीत. बियाण्यासाठी तिच्याच डब्यात ठेवली.

मार्गशीर्ष लागला आणि कळ्या दिसल्या. फुलं लहानच आहेत, दसऱ्यासारखी टपोरी नाहीत. पण आहेत.

आता ती रोज तोडावी लागतात, नाहीतर झाड पुन्हा थांबेल. घरात सण नाही, मग एवढ्या फुलांचं करायचं काय? म्हणून पिशवी घेऊन निघतो. मार्गशीर्षातले गुरुवार, फुलं कोणाला नको असतात? लोक आत बोलावतात, चहा ठेवतात, तिची आठवण काढतात... ती गेल्यापासून मी कोणाच्या दारात गेलो नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.

परत आल्यावर कुलूप मलाच उघडावं लागतं. ते काही बदलणार नाही. पण वहिनी, उपटू दिलं नाहीत, बरं केलंत... उद्या सकाळी तोडायला पुन्हा चार फुलं आहेत.